टक्के, रुपया आणि वडापाव

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाकडे उदाहरणादाखल एक बिल असतं. मुंबईत ते बहुधा वडापावच्या गाडीचं. नग, दर, एकूण आणि खाली १० टक्के सूट. मुलं १० पुढे % टाकतात, जागा सोडून इंग्रजीत ‘डिस्काउंट’ लिहितात आणि प्रोग्राम चालवतात. पडद्यावर कुठून तरी उपटलेला आकडा येतो आणि डिस्काउंटमधला पहिला डी गायब! प्रिंटएफ, म्हणजे सीची पडद्यावर छापायची आज्ञा, तिच्या लेखी % म्हणजे टक्के नव्हेच, पुढे काहीतरी छापायचंय एवढीच ती खूण. मधली मोकळी जागा तिला चालते. डी दिसला की ती पूर्णांक शोधायला निघते. तो कुणी दिलेलाच नसतो, मग हाताला लागेल ते छापते. उपाय सोपा, % दोनदा लिहायचा. बॅकस्लॅशचंही (\) तसंच. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे हमखास विचारतात, पाठ करून टाकावं.

खरी मजा ₹ ची. सी १९७२ च्या आसपास अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत घडली, ॲस्की या अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या तक्त्याच्या १२८ जागांच्या जमान्यात. त्यात डॉलर आहे. आपला ₹ आला २०१० साली, तोही पवईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांच्या हातून. त्याच वर्षी युनिकोडनं, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या तक्त्यानं, त्याला जागा दिली. पण यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत त्याला तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरं, लागतात. निळ्या पडद्याच्या जुन्या कंपायलरात (प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरात) तेच तीन बाइट सुटे होऊन उमटतात: एक ग्रीक गॅमा, एक डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला ई आणि चौकटीचा दुहेरी रेघांचा तुकडा. पवईचा रुपया पवईच्याच मुलांना ओळखू येत नाही! लिनक्स या संगणकप्रणालीच्या टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, तोच प्रोग्राम मुकाट ₹ दाखवतो. यात सीला बोल लावण्यात अर्थ नाही, असं माझं मत. ती बाइट पुढे सरकवते. चित्र काढणं पडद्याचं काम.

मात्र मोजायला बसली की सी घोळ घालते. ‘वडापाव’ची लांबी विचारा, १८ सांगते, कारण ती बाइट मोजते आणि काना धरून सहा खुणांचे तीन-तीन होतात. डोळ्यांना अक्षरं दिसतात चार. नावासाठी २० घरं राखली, तर वडापावपुढे दोनच मोकळी उरतात आणि ‘चहा’पुढे अकरा. रकाने वाकडेतिकडे. वाइड कॅरेक्टर, म्हणजे प्रत्येक खुणेला मोठं घर देणारा सीचा प्रकार, वापरून बघा, काना-मात्रा तिथेही वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे आमच्या बिलात आधी नग, मग दर, मग रक्कम. वडापाव ओळीच्या शेवटी, तिथे तो कितीही पसरला तरी कुणाला धक्का लागत नाही.