अळीमागे दहा पैसे

रविवार, रात्री साडेदहा. झड थांबायचं नाव नाही.

सकाळपासून बोटांना तो वास येऊन राहिला आहे. दोनदा साबण लावला, तरी जात नाही. आंबूस, कुजक्या फळासारखा. लिंबाच्या अळीला डिवचलं की ती डोक्यामागून नारिंगी-लाल शिंगं बाहेर काढते, त्यांचा हा वास. चाळीस वर्षांत जराही बदललेला नाही.

झालं एवढंच, की गॅलरीतल्या लिंबाला नवती फुटली होती आणि तिच्यावर बोटभर हिरवी अळी होती. डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हातानं ती उचलली आणि फरशी पुसायच्या बादलीत टाकली. विचार केला नाही, हात गेला. मनू दारातच उभी होती. ती अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसायची, तेव्हापासून रोज पाहत होती म्हणे. रडली नाही. फक्त विचारलं, "बाबा, तिनं तुझं काय खाल्लं होतं?"

अगं, पानं खाते ती, असं काहीतरी मी पुटपुटलो. ते उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं.

पन्हेरीतल्या, म्हणजे संत्र्याच्या रोपवाटिकेतल्या, अळ्या वेचायचं काम आम्हा पोट्ट्यांचं असायचं. नुकता डोळा बांधलेली कलमं, दोन-चार अळ्या बसल्या की रोपाच्या नुसत्या काड्या राहायच्या. रॉकेल-पाण्याचा डबा, अळीमागे दहा पैसे. तान्ह्या पोळ्याचा माझा लाकडी बैल अळ्यांच्या पैशातला. संध्याकाळी बाबा डबा उपडा करून मोजायचे, आणि ताई एका अळीचे दोन तुकडे करून दोन म्हणून खपवायची. (आता कबूल करत नाही.) तेव्हा कोणी विचारलं असतं, तिनं तुझं काय खाल्लं, तर उत्तर तोंडावर होतं. आमची संत्री.

आता काय खाल्लं? गेल्या वर्षी बाबांनी बाग काढली. डिंक्या रोग, विहिरीचं पाणी, ते सगळं. मी फोनवर "बरं" म्हणालो. असो.

दुपारी मनूनं मोबाईल समोर धरला. लिंबावरच्या या अळीचं जे फुलपाखरू होतं, ते २००४ साली कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडलं, मग पोर्तो रिको, जमैका. माणसानं जिथं जिथं लिंबू-संत्री लावली तिथं त्याची सोय झाली. आणि लिंबू-संत्री नसली तरी बावचीच्या तणावर त्याचं भागतं. म्हणजे बाग काढून सोयाबीन पेरलं तरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बिऱ्हाड कायम. शहरात तर काय, दर दुसऱ्या गॅलरीत लिंबाची कुंडी.

वाचून वाईट वाटलं. अळीचं नाही, स्वतःचं. ती समुद्र ओलांडून गेली आणि मी काटोलहून निघालो तो नागपुरातल्या काटोल नाक्यावर थांबलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस एका कुंडीची राखण करतो, कोणी सांगितली नसताना. आणि त्या पोरीला सांगायला एक धड कारण नाही. काय खाल्लं तिनं माझं?

मग पुढे वाचलं, की कॅरिबियनमधल्या त्या फुलपाखरांची जनुकं तपासली तर ती आग्नेय आशियाकडची निघाली. म्हणजे गेलं तेही आमच्याकडचं नव्हेच! तिथंही विदर्भाचा नंबर लागला नाही. एकटाच हसलो.

संध्याकाळी बाबांना फोन केला. लिंबावर अळी होती म्हटल्यावर ते खूशच झाले. "म्हंजे नवती फुटली! कागदी हाय का?" अळीचं काही नाही. मनूचा प्रश्न सांगितला. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "धुऱ्यावर लय उडून राह्यले औंदा. काळे-पिवळे." आणि पावसाचं विचारलं.

जेवताना मनू अजून घुश्शातच होती. शेवटी सौदा झाला. उद्या शाळेआधी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कढीपत्त्यावर शोधायचं. तिथली बहुधा दुसऱ्याच जातीची निघेल, ते मी बोललो नाही. अळीमागे दहा रुपये, देणार मी. जिवंत पाहिजे, आणि अख्खी. ताईचा किस्सा मी सांगून बसलो आहे.