नाकाला कडी नाही

आंबिया बहार फुलला की वरूड-मोर्शीकडची माणसं संत्र्याच्या बगीच्यात उभी राहून छाती भरून श्वास घेतात. मीही घेते, पण अर्धशिशी नसेल तेव्हा. ती चढली असली की तोच गोड वास अंगावर येतो, आणि मी नाकाला पदर लावून मागच्या खोलीत पळते.

डोकं दुखताना उजेड खुपतो, आवाज नकोसा होतो, हे कुणालाही पटतं. वासाचं मात्र पटत नाही. गंमत म्हणजे डोकेदुखीच्या २०१८च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही अर्धशिशीच्या मुख्य निकषांत मळमळ, उजेड, आवाज आहेत, वास नाही. खरं तर ही बऱ्यापैकी पक्की खूण आहे, कारण ताणाच्या डोकेदुखीत वासाचा असा तिटकारा क्वचितच दिसतो. मला मात्र आजवर एकाही डॉक्टरने वासाचं विचारलेलं नाही. बीपी तेवढा सगळ्यांनी मोजला.

उजेडाला पडदा लावता येतो, कानात बोळे घालता येतात. नाक किती वेळ दाबून धरणार? त्यातून हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट जास्त, म्हणजे जिचं डोकं फुटतंय तिच्याच हातात फोडणीची पळी. औषध घेतलं नाही तर झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत राहतो. तीन दिवस चूल कोण बंद ठेवतं? लसूण तेलात पडला की माझ्या पोटात ढवळतं. सासूबाई म्हणतात, "लसनाचाबी वास सहन होत नाही काय वं तुले? आमच्या टायमाले असे नखरे नव्हते!" त्यांच्या काळीही असणार. सांगायची सोय नसेल.

मिरचीचा ठसका तर निव्वळ वासही नव्हे. ती आग चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल मज्जातंतूला कळते, आणि अर्धशिशीची कळ वाहणारा मज्जातंतूही तोच. बामातला मेंथॉल, कापूरही त्यालाच डिवचतात. पण हे शेजारच्या काकूंना कोण सांगणार? माझं डोकं उठल्याचं कळलं की त्या बाटली घेऊन हजर. "चोळून देतो वं माय, आत्ता उतरते." बोट कपाळाला लागायच्या आत भपका थेट टाळूपर्यंत जातो. हल्ली मी हात जोडून सांगते, झाकण लावा आणि नुसतं डोकं दाबा. त्या दाबतात, छान दाबतात, आणि वर ऐकवतात, "बिनबामाचं डोकं उतरते का कुठं!"