मागं ऐकू येईना

माझा धंदा मंडप-स्पीकरचा. माघात येळ्ळूर, उचगाव, सुळगा अशी पारायणं सुरू झाली की रात्रीच्या कीर्तनाला ठरलेली ओरड येते, "मागं काय बी ऐकू येईना झालंय रे, वाढव की जरा!"

वाढवलं की पुढची पोरं कानात बोटं घालतात, माइक शिट्टी मारतो, आणि बुवा असे बघतात की आता टाळ फेकून मारतील.

यंदा मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. आकडे काटेकोर नसतील, पण फरक कळतो. मंडप रिकामा असताना बॉक्सवर नुसती खरखर लावली. 2 मीटरवर 92 डेसिबल, 4 वर 86, 8 वर 80. अंतर दुप्पट झालं की 6 गेलेच. 16 वर 74 हवे होते, 75 आले. देवळाची भिंत थोडा आवाज परत देते.

घरी आई भाकरी थापताना डोक्यात उजेड पडला. गोळा तेवढाच, भाकरी दुप्पट रुंद केली तर जाडी पावच उरते. बॉक्समधून निघालेला जोरही तेवढाच, पसरायला जागा चौपट. मागच्याला ते 6 डेसिबल परत द्यायचे तर 250 वॉटच्या जागी 1000 वॉट ओतावे लागतात, आणि ते पुढच्या पोरांच्या कानातही जातात.

मग पुढचा आवाज उतरवला आणि 34 मीटरवर आणखी दोन बॉक्स उभे केले. पहिल्या रात्री तिथं प्रत्येक 'विठ्ठल' दोनदा! वायरीतून आवाज लगेच पोचतो, हवेतून सेकंदाला 340 मीटर, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग उशिरा. मिक्सरवर मागच्या बॉक्सना तेवढा डिले दिला, तेव्हा कुठं जमलं.

काकडआरतीचं मात्र वेगळंच. नियम म्हणून भोंगा सकाळी 6 नंतरच लावतो, तरी थंडीत तो देसूरच्या पाव्हण्यांना गोठ्यात ऐकू येतो. जमिनीलगतची हवा गार, वरची त्यामानानं ऊबदार, त्यामुळं वर निघालेला आवाज वाकून खाली येतो.

आणि मागच्या रांगेतले मामा? तिसऱ्या रात्री उठून आले. "बारीक कर की रे, लागलेला डोळा मोडतोय."