शिवणक्लासच्या व्हिडिओंना मराठी कॅप्शन लावली, माझा अनुभव

मी ठाण्यात वर्तकनगरला शिवणक्लास घेते आणि जे शिकवते त्याचेच व्हिडिओ यूट्यूबवर टाकते, अस्तराचं ब्लाऊज, कटोरी, प्रिन्सेस कट वगैरे. क्लासमधल्या एका मुलीच्या मोठ्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या हातात फार सफाई आहे, माझे व्हिडिओ ती बघायची, पण मी मापं तोंडाने सांगते ना, ती तिच्यापर्यंत पोचायचीच नाहीत. मुंढा (बाही जोडतो तो काखेचा गोलावा) सव्वासहा घेतला की साडेसहा हे नुसत्या हाताकडे बघून कसं कळणार, आणि पाव इंच इकडेतिकडे झालं की ब्लाऊज काखेत काचतं. म्हणून ठरवलं की सगळ्या व्हिडिओंना मराठी कॅप्शन लावायची. त्यात ट्रान्स हार्बर लोकलने घणसोली, तुर्भ्याला कामाला जाणाऱ्या बायका पण सांगायच्या की ताई आम्ही गर्दीत आवाज बंद करूनच बघतो, म्हणजे त्यांचीही सोय होणार होती.

मापांच्या बाबतीत आपोआप बनणाऱ्या कॅप्शनवर विसंबायचं नाही हे पक्कं होतं. पण सगळं हाताने टाइप करायचं म्हणजे पण खूप वेळ जातो, तर मी मधला रस्ता काढला. गूगल डॉक्समध्ये बोलून टाइप करायची सोय आहे, त्यात मराठी पण आहे. कानात इअरफोन घालून व्हिडिओ थोडा थोडा ऐकायचा आणि तेच वाक्य शांतपणे माइकवर परत बोलायचं, म्हणजे मागचा मशीनचा आणि पंख्याचा आवाज त्यात येत नाही. साधी वाक्यं छान उतरतात, पण आपले शिवणातले शब्द त्याला झेपत नाहीत, टक्सचं (फिटिंगसाठी घालतो त्या चुणीचं) टॅक्स होतं, मुंढ्याचं मुंडा होतं. ते एकेक वाचून नीट करावंच लागतं आणि मापं तर मी कागद समोर ठेवून दोनदा तपासते.

मग यूट्यूब स्टुडिओ कॉम्प्युटरवर उघडायचं, व्हिडिओ निवडून सबटायटल्समध्ये जायचं, भाषा मराठी घ्यायची. तिथे टाइप करायचा पर्याय आहे आणि तयार फाइल चढवायचा पण आहे. मी फाइल करते, एसआरटी म्हणतात तिला, साध्या नोटपॅडमध्ये होते. क्रमांक, खाली कधी सुरू कधी संपणार ती वेळ, खाली वाक्य, मग एक ओळ रिकामी, बस. फक्त सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ आहे ना ते बघा, एएनएसआय असेल तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात.

एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त ठेवू नका. मी बोलताना 'हां तर आता बघा काय करायचं' असं सारखं म्हणते, ते मी गाळते, पण कामाची एकही पायरी गाळत नाही, आणि जिथे माप आहे ते कॅप्शन खडूची रेघ पूर्ण होईपर्यंत ठेवते, कारण माणूस एकदा आकडा वाचतो आणि एकदा रेघ बघतो.

सगळ्यात जास्त विचार आवाजांचा करावा लागला. 'ऐका, मशीन असं कटकट वाजलं की लगेच थांबा, खाली दोरा गुंतलाय' असं मी एका व्हिडिओत सांगते. ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यासाठी 'ऐका' लिहून काय उपयोग? आधी कंसात [मशीन कटकट वाजतं] असं लिहिलं, कॅप्शनमध्ये आवाज असेच लिहायचे असतात. पण त्या बहिणीला दाखवलं तर तिने मशीनच्या पाट्यावर तळहात ठेवून खूण केली की मला इथे कळतं. मग तो भाग परत शूट केला, हात ठेवून, आणि कॅप्शनमध्ये लिहिलं की पाट्याला हादरे बसायला लागले की थांबा. आता ऐकू येणाऱ्या मुलींना पण मी हेच शिकवते, क्लासमध्ये चार मशीन एकदम चालू असताना कोणाचं वाजतंय ते कळत नाहीच.

इन्स्टाला टाकायच्या छोट्या व्हिडिओंवर अक्षरं व्हिडिओतच छापते, अगदी तळाला नाही, तिथे नाव आणि बटणं येतात. 'मुक्त' (Mukta) नावाचा फॉन्ट वापरते, 'एक टाइप' (Ek Type) या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला, फुकट मिळतो आणि जोडाक्षरं तुटत नाहीत.

मराठी फाइल एकदा झाली की वेळा त्याच ठेवून फक्त वाक्यं बदलायची, हिंदीची फाइल पण तयार. स्टुडिओत ऑडियन्सच्या भागात कुठल्या भाषेची सबटायटल्स लावून बघितलं जातं ते दिसतं, तिथे आता मराठीच्या खाली हिंदी पण दिसायला लागलंय. सध्या जुने व्हिडिओ घेतलेत, आधी अंगावरून मापं घ्यायचा, कारण ती बहीण आता शेजारणींचे ब्लाऊज शिवून देते आणि तिला तोच सगळ्यात आधी पाहिजे.