दुधावरची निळी रिंग

ब्रुसेला हे गाईला गाभडवणारे आणि माणसालाही ताप आणणारे जंतू. दुधातून त्यांचा माग काढणाऱ्या मिल्क रिंग टेस्टसाठी यंत्रं-बिंत्रं लागत नाहीत. कच्च्या दुधात रंगवलेल्या मेलेल्या ब्रुसेला जंतूंचा एक थेंब टाकायचा, नळी हलवायची आणि तासभर ३७ अंशांवर ठेवायची. दुधात त्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं असली, तर रंगीत जंतू गुठळ्या होऊन स्निग्धांशाबरोबर वर चढतात. वर निळाजांभळा थर, खाली पांढरंशुभ्र दूध. प्रतिपिंडं नसली तर उलटं: दूध फिकट निळं, वरचा थर पांढरा.

त्या दिवशी रिंग इतकी गडद होती की शेजारच्या टेबलावरचे सहकारीही उठून बघून गेले. नमुना सांगोला तालुक्यातल्या एका संकलन केंद्रावरचा. सर्वेक्षणात आम्ही एकेका घराच्या किटलीतलं दूध घेत होतो, म्हणून घर शोधायला वेळ लागला नाही. पण रिंगवर एकदम विसंबायचं नसतं. कास दगडी झाली असेल किंवा गाय नुकती व्यालेली असेल, तरी ती फसवते. रक्त तपासायला दुसऱ्या दिवशी गोठ्यावर गेलो.

चार संकरित गायी, एक कालवड. मालक, आण्णा, बाजेवर बसून होते. सकाळची वेळ असूनही अंगावर घोंगडी. गायींची माहिती त्यांच्या बायकोनेच दिली. दिवाळीच्या आधी एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार पडेना, तेव्हा आण्णांनीच हात घालून काढली.

"मोजे घातले होते का?"

"मोजं कुठनं आणायचं, मॅडम? तेल लावलं हाताला."

मेलेलं वासरू आणि वार दोन्ही गेलं गोठ्यामागच्या उकिरड्यावर. राहिलेलं कुत्र्यांनी निस्तरलं. आजारी गाईच्या वारेत आणि गर्भाच्या पाण्यात हे जंतू अब्जांनी असतात. हाताला साधा ओरखडा असला तरी त्यांना पुरतो.

रक्त साकळून सीरम वर येईपर्यंत चहा झाला. चहाचं दूध उकळलेलं, त्यामुळे त्याची धास्ती नव्हती. धारोष्ण दूध पिता का, असं विचारल्यावर आण्णा पहिल्यांदा हसले. लहानपणापासून रोज सकाळी एक तांब्या, म्हणे. ताकद येते.

ताप कधीपासून, हे मी विचारायच्या आधीच वहिनी बोलायला लागल्या. संध्याकाळ झाली की हुडहुडी, रात्री घामाने गोधडी पिळून काढावी इतकी ओली, सकाळी माणूस जरा बरा. कंबर धरलेली. टायफॉइड म्हणून दोनदा औषधं झाली, सलाईनच्या बाटल्या झाल्या, आणि आता टीबी असेल म्हणून छातीचा फोटो काढायला सांगितला होता. मग मला गोठ्याच्या आडोशाला नेऊन त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: आण्णांचं एका बाजूचं अंड सुजलंय, चालताना दुखतं.

"डॉक्टरांना सांगितलं का?"

"ते सांगत्यात व्हय? तुम्ही बाईमाणूस म्हणून बोलले."

माझं शिक्षण जनावरांचं, पण ताप, घाम, कंबर आणि ही सूज एका माणसात, त्यात गाभडलेली गाय आणि कच्चं दूध, एवढं जुळल्यावर शंकेला फार जागा उरत नाही. इतक्या महिन्यांत आण्णांना एकाही दवाखान्यात 'घरी जनावरं आहेत का' असं कुणी विचारलं नव्हतं. याचा मला राग येतो, आणि तो लपवायची गरज वाटत नाही. गाईचा आणि माणसाचा हा आजार एकाच घराण्यातल्या जंतूंचा, आणि कच्चं दूध धोक्याचं, असं अ‍ॅलिस इव्हान्स या अमेरिकन संशोधक बाईने १९१८ मध्येच छापलं होतं. तेव्हाच्या जाणकारांनी तिला वेड्यात काढलं. पुढे तिलाही प्रयोगशाळेत याच जंतूची लागण झाली.

गाडीच्या बॉनेटवर पांढरी फरशी ठेवून ब्रुसेलाची 'रोज बेंगाल' नावाची रक्तचाचणी लावली. एक थेंब सीरम, एक थेंब गुलाबी अँटिजेन (रंगवलेले मेलेले जंतू), काडीने मिसळून चार मिनिटं फरशी हळूहळू फिरवायची. दोन गायींचे थेंब गुळगुळीत गुलाबीच राहिले. गाभडलेल्या गाईचा थेंब मिनिटाच्या आत रव्यासारखा फुटला, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं आहेत. चौथीचाही फुटला, आणि ती आठ महिन्यांची गाभण.

तालुक्याच्या फिजिशियनना तिथूनच फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ब्रुसेलाची तपासणी लिहून दिली. ती पॉझिटिव्ह आली. डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे, मध्ये खंड नाही. दुसऱ्या आठवड्यात ताप उतरल्यावर आण्णांना गोळ्या बंद करायच्या होत्या. वहिनींनी करू दिल्या नाहीत.

माणसाला औषध आहे, गाईला नाही. कालवड पाच महिन्यांची होती आणि तिची चाचणी निगेटिव्ह आली, तिला ब्रुसेलाची 'स्ट्रेन १९' लस दिली. ही लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, मोठ्या गायींना तिचा उपयोग नव्हता. थेंब फुटलेल्या त्या दोघींना वेगळं बांधा, विताना हातमोजे घाला, वार चुना टाकून खोल पुरा, दूध उकळल्याशिवाय घरात कुणी पिऊ नका, एवढंच सांगता आलं.

"मग ह्या दोघींचं करायचं काय?" आण्णांनी विचारलं. कत्तलीला कायद्याने बंदी. गोठ्यात ठेवली तर पेंड-चारा चालूच. विकू नका, हे मी बजावलं. पण त्यांचं नुकसान कोण भरून देणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुढच्या फेरीला गाभडलेल्या गाईचा खुंटा मोकळा होता. कुणाला दिली हे आण्णांनी सांगितलं नाही. सर्वेक्षणाच्या यादीत आसपासच्या गावांची संकलन केंद्रं नव्हती, ती त्याच आठवड्यात घातली.