तुम्ही विचारलंत म्हणून: स्पंज घ्यावा का?

"ताई, तो अंड्यासारखा स्पंज खरंच कामाचा असतो, की बोटांनी लावलं तरी तेच?" मी मुंबईत लग्नांचे मेकअप करते, आणि हा प्रश्न मला नवरीपेक्षा तिच्या बहिणी, मैत्रिणी आणि हल्ली तर तिची आईसुद्धा विचारते. घाईत मी "हो, घ्या" एवढंच म्हणते. पण या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

कामाचा असतो. मुंबईच्या हवेत तर मी ब्रशच्या आधी स्पंजच हातात घेते. मात्र दोन अटी आहेत. वापरताना तो ओला हवा आणि ठेवताना कोरडा. बहुतेक जणी कोरडाच वापरतात आणि ओलाच पाऊचमध्ये टाकतात, म्हणजे नेमकं उलटं.

आधी ओला कशासाठी ते सांगते. स्पंज पॉलियुरेथेनच्या फोमचा असतो, अंगभर बारीक छिद्रं. कोरड्या स्पंजवर फाउंडेशन, म्हणजे चेहऱ्याचा रंग एकसारखा करणारं क्रीम, घेतलं की ते छिद्रांत जातं. चेहऱ्यावर कमी येतं, म्हणून आपण आणखी घेतो, आणि महागडी बाटली स्पंजच्या पोटात जाते. नळाखाली धरून दाबत राहिलं की स्पंज फुगतो, चांगला असेल तर जवळजवळ दुप्पट होतो. मग तो पूर्ण पिळायचा आणि स्वच्छ नॅपकिनमध्ये धरून पुन्हा दाबायचा. हाताला गार, दमट लागला पाहिजे, पण दाबल्यावर एक थेंबही येता कामा नये. छिद्रांत आता पाणी बसलेलं असतं, त्यामुळे फाउंडेशन वरच्या वर राहतं. पाणी जास्त राहिलं तर मात्र फाउंडेशन पातळ होऊन गालावर डाग पडल्यासारखं दिसतं.

लावताना थोपटायचं, ओढायचं नाही. बाळाला झोपवताना हात जसा पडतो, तेवढाच हलका आणि तसाच सारखा. फाउंडेशन आधी हाताच्या मागच्या बाजूला काढायचं, तिथून स्पंजने थोडं थोडं उचलायचं आणि गालाच्या मध्यापासून बाहेर जायचं. कपाळाच्या कडेला आणि जबड्याखाली नवीन फाउंडेशन न घेता, स्पंजवर उरलेलंच थोपटायचं. चेहरा आणि मान वेगळी दिसण्याची तक्रार तिथेच बरीचशी मिटते.

बोटंही वाईट नाहीत. बोटांच्या उबेने क्रीमचं कन्सीलर (डाग, काळी वर्तुळं झाकणारं) छान मुरतं, डोळ्यांखाली मी आजही आधी अनामिकाच वापरते. पण स्पंज जे करतो ते ना बोटांना जमतं ना ब्रशला: तो लावता लावता जास्तीचं उचलतोही. थर पातळ राहतो, आणि मुंबईत टिकतो तो पातळ थरच. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, चेहऱ्यावर साचतो. मे महिन्यातलं लग्न, एसी नसलेला हॉल, समोर होम पेटलेला, आणि भटजी म्हणतायत "अजून थोडं पुढे सरका." जाड थर असेल तर तो घामाबरोबर सरकतो आणि नाकाच्या बाजूला, ओठांच्या वर भेगा दिसायला लागतात. अशा वेळी घामावर पावडर थापू नका. आधी टिश्यू टेकवून घाम टिपायचा, घासायचं नाही. मग दमट स्पंज नुसता, काहीही न घेता, त्या जागेवर थोपटायचा. फाटलेला थर पुष्कळदा पुन्हा एकसारखा होतो. पावडर हवी असेल तर ती त्यानंतर.

आपल्या नवरीच्या चेहऱ्यावर दोन जागा जास्त नाजूक. एक मुंडावळ्यांची. दोरा कपाळावरून जातो, मोती कानशिलावर झुलतात आणि दिवसभर घासत राहतात. दुसरी नथीची. नथ सारखी करायला हात सतत नाकाशी जातो. या दोन्ही ठिकाणी मी स्पंजच्या टोकाने अगदी पातळ थर देते, बसू देते, मग वर दुसरा. एकदम जाड लावलं तर मंगलाष्टकं संपायच्या आत तिथली त्वचा उघडी पडते.

ओला स्पंज ही काही इन्स्टाग्रामवरून आलेली गोष्ट नाही. मॅक्स फॅक्टर या मेकअप कंपनीचं पॅनकेक, म्हणजे वडीसारखं घट्ट फाउंडेशन, 1938 साली बाजारात आलं, तेही ओल्या स्पंजनेच लावायचं होतं. आपल्या नाटकांच्या रंगपटात रंगभूषाकारांच्या हाताला पॅनकेक आणि ओला स्पंज यांची जोडी जुनी सवयीची. नवा आहे तो आकार. एचडी कॅमेरे आले तेव्हा तिकोनी स्पंजाच्या कडांनी पडलेल्या रेषा पडद्यावर दिसू लागल्या. हॉलिवूडमधल्या रिया अ‍ॅन सिल्वा या मेकअप आर्टिस्टने मालिकेच्या सेटवर त्या कडाच कात्रीने कापून टाकल्या. त्यातून गोल पोट आणि निमुळतं टोक असलेला बिनकडांचा ब्यूटीब्लेंडर तयार झाला आणि 2003 च्या सुमारास विकायला आला. आज क्रॉफर्ड मार्केटपासून दादरच्या फुटपाथपर्यंत जे गुलाबी, जांभळे स्पंज लटकलेले दिसतात, ते सगळे त्याच आकाराचे.

महागच घ्यावा असं नाही. हाताने दाबून बघा: लगेच परत वर आला पाहिजे. दाबताना दगडासारखा लागला, किंवा भिजवल्यावर फुगलाच नाही, तर तो गालावर आपटतो, थोपटत नाही. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर पाकीट वाचून घ्या, काही साधे स्पंज लेटेक्सचे असतात.

आता दुसरी अट, आणि इथे मी कुणाचंही ऐकत नाही. 2019 मध्ये ब्रिटनच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांनी वापरलेली 467 मेकअपची उत्पादनं तपासली. मस्कारा, लिपग्लॉस वगैरे सगळ्यांमध्ये सर्वाधिक जिवाणू सापडले ते स्पंजमध्ये. त्यातले 93 टक्के स्पंज कधीच धुतलेले नव्हते आणि 64 टक्के कधी ना कधी जमिनीवर पडूनही तसेच वापरले गेले होते. हे ब्रिटनमधलं. आपल्याकडे जुलैत टॉवेलसुद्धा दोन दोन दिवस वाळत नाही. तिथे फाउंडेशनचं तेल, चेहऱ्याची मृत त्वचा आणि पाणी पोटात घेऊन झिपच्या पाऊचमध्ये बसलेल्या स्पंजमध्ये काय होत असेल?

म्हणून प्रत्येक वापरानंतर धुवा. सौम्य साबण किंवा बेबी शाम्पू लावून तळहातावर दाबत राहायचं, स्वच्छ पाणी येईपर्यंत. पिळताना मुरगाळू नका, फोम फाटतो. जास्त वेळ टिकणारं फाउंडेशन साबणाला दाद देत नाही, त्यासाठी आधी दोन थेंब खोबरेल तेल चोळा आणि मग साबण. वाळवायचा तो उघड्यावर, पंख्याखाली. बाथरूममध्ये नाही, डबीत नाही. पावसाळ्यात दोन स्पंज ठेवा आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे एकाला पूर्ण वाळायला वेळ मिळतो. वास आला, आत काळे ठिपके दिसले, कडा तुटू लागल्या की टाकून द्या. काळे ठिपके बुरशीचे असू शकतात, आणि आतवर गेलेली बुरशी धुऊन निघत नाही. रोज वापरणाऱ्यांनी तसंही तीनेक महिन्यांनी बदलावा.

आणि स्पंज एकीचा एकीलाच. लग्नघरात नवरीचा मेकअप झाला की "जरा दे गं, मीपण फिरवते" म्हणत तोच स्पंज आत्येपासून मावसबहिणीपर्यंत जातो. एरवी मोठ्यांना मी नाही म्हणत नाही, इथे म्हणते. माझ्या पेटीत साध्या तिकोनी स्पंजांचं पाकीट असतं. काकूंना त्यातला नवा काढून देते, आणि त्यांचं झालं की तो कचऱ्यात.

चेहऱ्यावर पिकलेली पुळी असेल तर तिथे तुमचा रोजचा स्पंजही लावू नका. तेवढ्या जागेपुरतं कापसाच्या काडीने कन्सीलर टेकवा आणि काडी फेकून द्या. ज्यांना रोज धुणं आणि वाळवणं जमणार नाही, कारण सकाळची लोकल गाठायची असते आणि रात्री घरी येऊन डोळे मिटतात, त्यांना माझं सांगणं वेगळं आहे: हात स्वच्छ धुवा, वाटाण्याएवढं फाउंडेशन घ्या आणि बोटांनीच थोपटा. स्पंज सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा.