सुनेच्या गळ्यात पडलेला इतिहास

मी यवतमाळची, दिली छत्तीसगडातल्या धमतरीला, मेनोनाइट ख्रिस्ती घरात. सासरे यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकलेले (ती सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली), त्या ओळखीतून हे स्थळ आलं. माहेरची माणसं अजून विचारतात, "मेनोनाइट म्हणजे नक्की कोण गं?" सोळाव्या शतकात झुरिकमध्ये काही लोक म्हणाले, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आम्हाला मान्य नाही, जाणत्या वयात ज्याने त्याने ठरवून घ्यावा. त्यापायी त्यांना बुडवून, जाळून मारलं. त्यातून जे उरले, त्यांतल्या शस्त्र न धरणाऱ्या एका शाखेला मेनो सिमन्स या पुढाऱ्याचं नाव चिकटलं. २०२५ मध्ये त्या पहिल्या बाप्तिस्म्याला ५०० वर्षं झाली. आमच्या चर्चच्या कमिटीला वाटलं, या निमित्ताने आपल्याही मंडळीचा, म्हणजे चर्चमधल्या घरांचा इतिहास छापू. मंडळी केवढी, तर गावातली पन्नास-साठ घरं. आणि काम कुणी करायचं? शिकलेली सून आहे की.

पहिल्यांदा उघडली ती पाळकांच्या घरची लोखंडी पेटी. वरच्या रजिस्टरांना वाळवी लागलेली, खालची मात्र शाबूत. असली रजिस्टरं उघडायची तर गच्चीवर, सकाळच्या उन्हात, आणि आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्यायचा. पान उलटताना कोपरे हातात येतात, दुसऱ्यांदा तेच पान मिळेल याची खात्री नसते.

बाप्तिस्म्याच्या सर्वांत जुन्या वहीत पाच रकाने आखलेले. नाव आहे, तारीख आहे, अंदाजे वय आहे, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही आहे. आईवडिलांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत आडव्या रेघा. टाक बुडवून बुडवून मारलेल्या, काही ठिकाणी शाई पसरलेली. ही सगळी छप्पन्याच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळातली पोरं.

त्यांच्यापर्यंत अमेरिकेतले मेनोनाइट पोचले कसे, हे शोधणं त्या मानाने सोपं गेलं. १८९७ च्या दुष्काळात इंडियानातल्या एल्कहार्टचे जॉर्ज लॅम्बर्ट मदतीचं धान्य पोचवायला हिंदुस्थानात आले होते. त्यांनी परत जाऊन जे सांगितलं त्यातून मिशन उभं राहिलं आणि १८९९ च्या मार्चमध्ये जेकब रेसलर आणि डॉ. पेज पती-पत्नी मुंबईला उतरले. वर्षाअखेर ते धमतरीत आले तोवर दुसरा, पहिल्याहून भयंकर दुष्काळ सुरू झालेला. सरकारने मदतकार्य त्यांच्याच हाती दिलं. डॉक्टर पेज आजारी पडून १९०० मध्येच परतले. राहिली ती अनाथालयं आणि त्यातली शेकडो मुलं.

त्या काळी एल्कहार्टहून 'हेरल्ड ऑफ ट्रूथ' नावाचं पत्र निघायचं, त्यात इथून गेलेली पत्रं छापून यायची. ती आणि मिशनचे वार्षिक अहवाल स्कॅन होऊन इंटरनेटवर आहेत. मी रात्री जेवणं आटोपली की वाचत बसायचे. साहेब आजारी पडला तर दोन पानं, विहीर खणली तर एक पान, आणि मुलं म्हणजे नुसता आकडा. एवढाच इतिहास लिहायचा तर मग अहवालाचं भाषांतर करून दिलं असतं, मला कशाला बसवलं?

म्हणून म्हाताऱ्या माणसांकडे गेले. इथे माझं मराठी वळणाचं हिंदी अडचण होईल असं वाटलं होतं, पण छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, धमतरीत मराठापारा नावाची वस्तीच आहे, त्यामुळे माझ्या बोलण्याचं कुणाला नवल नाही. सल्ला एवढाच, की वही-पेन घेऊन समोर बसू नका. धान निवडायला बसा. सुपात हात चालू असले की माणसं बोलतात. एक म्हातारी म्हणाली, "मोर ददा ला अपन ददा के नांव पता नइ रहिस।" बापालाच आपल्या बापाचं नाव माहीत नव्हतं. मग लग्नात मामा कोण उभा राहायचा, मयताला खांदा कुणी द्यायचा? अनाथालयात शेजारी झोपणारी मुलं एकमेकांची भाऊ-बहीण झाली आणि ती नाती अजून पाळली जातात. आमच्याच घरात 'आतेसासूबाई' म्हणून ज्यांच्या पाया पडायचे त्यांचं आमच्याशी रक्ताचं काही नाही, हे मला या कामात कळलं. आडनावाचंही तसंच. आजेसासऱ्यांचं पहिलं नाव तेच पुढच्यांचं आडनाव झालं.

जमिनीच्या नोंदींसाठी रेकॉर्ड रूममधून मिसल काढावी लागते, म्हणजे इंग्रजांच्या वेळी जमीन मोजून महसूल ठरवला त्याची नोंद. तिथे सगळे जातीच्या दाखल्यासाठीच येतात. खिडकीतला बाबू वर न बघता म्हणाला, "जाति वाला न?" मी म्हटलं, नाही, इतिहास. त्याने वर बघितलं, आणि माझा अर्ज सर्वांत खाली ठेवला. गावाचं नाव, हलका (आपल्याकडे तलाठी सज्जा म्हणतात तो) नंबर आणि जुन्या तहसिलीचं नाव अर्जावर ठळक लिहा. धमतरी १९९८ पर्यंत रायपूर जिल्ह्यात होतं, त्यामुळे कागद कुठल्या ऑफिसात आहे यावरूनच टोलवाटोलवी होते.

आणि इथून भांडण सुरू झालं. मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, आता यांनी पोट कशावर भरायचं, म्हणून मिशनने १९०६ मध्ये बालोदगहान हे अख्खं गाव विकत घेतलं. मध्य प्रांतात गाव विकत घेणं म्हणजे मालगुजार होणं. सीर, म्हणजे मालकाची घरची जमीन त्याची, लगान त्याच्याकडे भरायचा, तळ्यावर हक्क त्याचा. छत्तीसगडीत याला गौंटिया म्हणतात. म्हणजे रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी एकमेकांचे पाय धुणारे (हा विधी आमच्यात अजून आहे) आणि सोमवारी लगान घेणारे आणि देणारे एकाच मंडळीत. १९५१ मध्ये मालगुजारी गेली तोवर हे चाललं. आमच्या मंडळीतली बरीच घरं तिथूनच आलेली.

मी यावर प्रकरण लिहिलं. कमिटीतले एक काका म्हणाले, "बेटी, ज्यांनी जीव वाचवला त्यांना जमीनदार म्हणायचं?" त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. जमीन दिली नसती तर ही घरं मजुरीला कुठे कुठे पांगली असती. पण जीव वाचवणारा आणि लगान घेणारा एकच असला की कुळाला तोंड उघडता येत नाही, आणि हे मला त्या घरांतल्या म्हाताऱ्यांनीच सांगितलं होतं. मी म्हटलं, काका, दोन्ही छापू. तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत, त्यांचं त्यांच्या. बैठका लांबल्या. शेवटी सासरे उठून एवढंच बोलले की आपल्या पंथाला खरं बोलण्याची शपथसुद्धा घ्यावी लागत नाही, कारण आपण शपथ घेतच नाही. मग प्रकरण राहिलं. शीर्षक तेवढं बदलायला लावलं.

पुस्तिका हिंदीत निघाली, रायपूरच्या छापखान्यातून. वंशावळीची पानं मुद्दाम एका बाजूने कोरी ठेवली होती, लोकांनी भर घालावी म्हणून. वाटप झालं त्याच आठवड्यात ते काका घरी आले, पिशवीतून लगानाच्या जुन्या पावत्यांची चळत काढली आणि विचारलं, "यात माझ्या आज्याच्या शेताचा उल्लेख का नाही?"